न उचलायचा फोन

मोबाइल कंपनीच्या काउंटरवरची मुलगी संगणकातून मान वर न काढता म्हणाली, “आजी, हे सिम आजोबांच्या नावावर आहे. परदेशात चालू ठेवायचं असेल तर त्यांना घेऊन या.”

हे जाऊन बरीच वर्षं झाली होती. तसं मी तिला सांगितलं. तेव्हा तिने मान वर काढली, शिकवल्यासारखा दुःखी चेहरा केला आणि मग म्हणाली की तसं असेल तर हा नंबर बंदच करावा लागेल. नियम आहे. ग्राहक हयात असेल तर त्याने स्वतः यायचं, आणि हयात नसेल तर त्याला फोनची गरज नाही. नंबर माझ्या नावावर करून मिळेल, पण त्याला अर्ज, दाखले, वारसांच्या सह्या, आणि मधले काही दिवस फोन मुका. माझं विमान त्याच्या आधीच उडणार होतं.

मी तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिले. हे हयात असतानासुद्धा यांना एखाद्या कचेरीत न्यायचं म्हणजे मला आठवडाभर आधीपासून गोड बोलायला लागे. आता कुठून आणू? आणि राग मला नियमाचा नव्हता. नियम कुणीतरी दुपारच्या जेवणानंतर करतं, त्याला आपण काय करणार. राग याचा होता की इतकी वर्षं दर महिन्याला मी या नंबरात पैसे भरत होते, तेव्हा एकदाही कंपनीने विचारलं नाही की बाई, आजोबा कसे आहेत. पैसे घेताना ते जिवंत होते.

मी उठताना त्या मुलीने मला हळूच जवळ बोलावलं. म्हणाली, “आजी, मी काही ऐकलं नाही. आजोबांना ग्राहकसेवेला फोन करायला सांगा. जन्मतारीख विचारतात फक्त.” मुलगी वाईट नव्हती. पण ती ‘आजी’ म्हणाली ते मी अजून विसरलेले नाही. माझ्याच मागे उभ्या असलेल्या, माझ्याहून वयस्कर दिसणाऱ्या गृहस्थांना ती ‘सर’ म्हणाली.

आता कुणी विचारेल, एवढं त्या नंबराचं काय सोनं लागून गेलं होतं? परदेशी उतरल्यावर तिथलं नवं सिम घालायचं, झालं. मला प्रत्येकाने हेच विचारलं, म्हणून एकदाच सांगते.

आक्का माझी थोरली बहीण. गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. मीही एकटीच. रोज सकाळी उठून चहाचं आधण ठेवलं की आक्का मला फोन करते आणि एक रिंग झाली की कापते. त्याचा अर्थ, ‘मी उठले’. मग मी तिला एक रिंग देते. त्याचा अर्थ, ‘मीही’. फोन कुणीच उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे सवड झाली की बोलू. रिंग न कापता वाजतच राहिली तर उचलायचा, कारण काहीतरी घडलंय. एवढ्या वर्षांत तसा तो एकदाच वाजला, आणि तेव्हासुद्धा आक्का चुकून फोनवर बसली होती.

आक्काकडे बटणांचा फोन आहे. त्यात माझ्या नंबराला कुणीतरी वेगळी धून लावून दिली आहे. ती धून वाजली तरच आक्का फोनकडे बघते. बाकी कुणाचाही फोन ती घेत नाही, कारण एकदा बँकेतून बोलतोय म्हणून एका भामट्याने तिच्याकडे कार्डाचा नंबर मागितला होता. आक्काने त्याला त्याच्या आईचा नंबर मागितला. तेव्हापासून अनोळखी फोन बंद. म्हणजे नवीन सिम घालून मी परदेशातून कितीही रिंगा दिल्या तरी आक्काच्या लेखी मी भामटीच ठरणार होते. आणि मी लेकीकडे असताना पुरे दोन महिने सकाळी तिच्याकडून रिंग आली नाही तर ती उठली की नाही हे मला कोण सांगणार?

आमच्या लहानपणी हे सोपं होतं, असं मी म्हणणार नाही. आक्काचं लग्न होऊन ती दूर गेली तेव्हा तिच्याशी बोलायचं म्हणजे पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचा. तिच्याकडचा फोन एका व्यापाऱ्याच्या पेढीवर. तिला बोलावून आणेपर्यंत आमचा अर्धा वेळ जायचा. वडील आम्हाला आधी बजावून नेत की ‘पाऊस पडला का’ असं कुणी विचारायचं नाही, ते वर्तमानपत्रात येतं. पण तेव्हा पोस्टातल्या बाबूने वडिलांना कधी ‘तुम्ही जिवंत आहात याचा पुरावा आणा’ असं म्हटलं नव्हतं. तो फक्त ओरडायचा.

मी काउंटरवरून हात हलवत आले ही बातमी मी जिना चढून जाईपर्यंत आमच्या इमारतीत पोचली होती. तळमजल्याच्या वहिनींनी सांगितलं, विमानतळावर सिम घेऊ नकोस, लुटतात. वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी सांगितलं, विमानतळावरच घ्या, बाहेर लुटतात. प्राध्यापकांच्या भाच्याने परदेशात फोन चालू ठेवल्यामुळे त्याला म्हणे मोटार विकावी लागली. वहिनींच्या जावयाने बंद ठेवल्यामुळे त्याची नोकरी गेली. दोघांनी माझ्या दारात उभं राहून एकमेकांचे नातेवाईक खोडून काढले आणि मी पिशवी हातात धरून मध्ये उभी.

शेवटी आले आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्त गृहस्थ. नोकरीत असताना कचेरीच्या नाटकांत कामं करायचे, आणि ते अजून कुणाला विसरू देत नाहीत. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “वहिनी, यात काय आहे? मी होतो दादा.” यांना इमारतीत सगळे दादा म्हणत.

मला ते पटलं नव्हतं. पण विमान जवळ येत होतं.

ठरलेल्या दिवशी सेक्रेटरी इस्त्रीचा सदरा घालून आले. फोनवर बोलायचं होतं, पण सदरा इस्त्रीचा. आल्याबरोबर त्यांनी मला यांच्या स्वभावाबद्दल विचारायला सुरुवात केली. रागीट होते का, बोलताना थांबायचे का, आवाज वरचा की खालचा. मी म्हटलं, जन्मतारीख सांगायची आहे, स्वभाव नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि यांच्या खुर्चीत बसले.

पलीकडे बाई आल्या. सेक्रेटरी एकदम खोकले. यांना आयुष्यात खोकला म्हणून माहीत नव्हता. गेले तेही खोकल्याने नाही. पण सेक्रेटरींना म्हातारा म्हटला की खोकला लागतोच. जन्मतारीख त्यांनी बरोबर सांगितली. तिथे थांबायला हवं होतं. पण पलीकडच्या बाईंनी विचारलं, परदेशासाठी खास पॅक हवा का? “हवा,” सेक्रेटरी खर्जात म्हणाले. त्याबरोबर गाणी ऐकायची सोय हवी का? “हवी.” क्रिकेटचे निकाल? “पाठवा, बेटा.”

मी समोर हात जोडून उभी होते. आमचे हे असे नव्हते हो. भाजीवाल्याने वर कोथिंबीर दिली तरी ‘हिचे किती’ म्हणून आधी विचारायचे. त्या माणसाच्या नावावर, तो गेल्यानंतर, त्याच्याच खुर्चीत बसून कुणीतरी गाणी ऐकायची सोय घेत होतं. मला जो संताप आला तो विधवेचा नव्हता, बायकोचा होता.

मग बाईंनी विचारलं की परदेशात कोणत्या भागात जाणार. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एका सहलीबरोबर ते स्वतः एकदा शेजारच्या देशांत जाऊन आले होते, आणि त्यांच्या लेखी परदेश तेवढाच. “शेजारचेच देश,” त्यांनी भरदार आवाजात सांगितलं. मी तेव्हा गाण्यांच्या धक्क्यात होते. माझं लक्ष नव्हतं.

फोन ठेवला तरी सेक्रेटरी खुर्चीतून उठेनात. डोळे मिटलेलेच. मग म्हणाले, “अगं, चहा टाक.”

भूमिकेतून बाहेर यायला त्यांना वेळ लागतो म्हणे. मी चहा टाकला, पण कप त्यांच्या हातात दिला नाही. समोर टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “सेक्रेटरी, पाण्याच्या टाकीचं काय झालं?” तेव्हा ते बाहेर आले.

विमानाबद्दल मी काही लिहिणार नाही. पाय हे मूळचे आपले नसतातच अशी समजूत करून घेतली की विमान बरं असतं. उतरल्यावर सगळे जण फोन चालू करायला लागले, म्हणून मीही केला. आणि तो माझ्या हातात थरथरायला लागला. आधी मला वाटलं, आक्का. पण ती फुलं होती. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर सेक्रेटरी रोज सकाळी सगळ्यांना गुलाबाचं, नाहीतर सूर्योदयाचं चित्र पाठवतात आणि खाली एक सुविचार असतो. मी विमानात असताना त्यांनी, ‘वहिनींचा प्रवास सुखाचा होवो’ म्हणून, चित्रांचा नुसता वर्षाव केला होता. त्यात एक फुलपाखरू हलतही होतं. पाठोपाठ कंपनीचा निरोप आला की आपला पॅक या देशात चालत नाही, तेव्हा हे सगळं साध्या दराने उतरवून घेतलं आहे, आणि आता आपल्या खात्यात फारसं काही उरलेलं नाही. शुभेच्छा.

म्हणजे विमानतळाच्या दाराबाहेर पडायच्या आधीच माझे पैसे गुलाबात गेले. मी तिथेच सामानाच्या पट्ट्याजवळ उभी राहून मोठ्याने काहीतरी बोलले. काय ते लिहीत नाही. शेजारी उभी असलेली बाई माझी भाषा कळत नसूनही दोन पावलं बाजूला झाली.

न्यायला आलेल्या जावयाने आधी माझ्या हातातून बॅग घेतली की फोन, ते सांगता येणार नाही. त्याने फोनमधलं काहीतरी बंद केलं आणि म्हणाला, “आई, आता हा काही खाणार नाही. पण बोलू मात्र नका याच्यावरून.” जावई माझ्याशी असा बोलतो, जपून, जणू मी काचेची आहे आणि चुकून त्याच्या घरी डिलिव्हर झाले आहे.

लेकीने पुन्हा पैसे भरून बघितले, तर आपल्या कंपनीला तिचं तिकडचं कार्ड चालेना. सेक्रेटरींना भरायला सांगू का, असं तिने विचारलं. मी तिच्याकडे फक्त बघितलं. उरलेली शिल्लक अडीनडीला ठेवायची आणि हात लावायचा नाही, असं मी जाहीर केलं.

आणि बघा, खरी गंमत पुढेच होती. रिंगेला पैसेच लागत नव्हते. फोन उचलला नाही तर कुणाचंच काही जात नाही, मग तो समुद्राच्या पलीकडे का असेना. आक्काची सकाळ म्हणजे लेकीकडची संध्याकाळ, तीही आदल्या दिवशीची. पहिल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी फोन धरून उभी होते. वाजला. एकदाच. मी एक रिंग दिली. इतकी सगळी कंपनी, सगळे पॅक, सेक्रेटरींचा खोकला, यातल्या कशाचीही गरज नव्हती. मला इतका आनंद झाला आणि त्यापाठोपाठ इतका संताप आला की लेकीने माझा रक्तदाब बघितला.

आक्काला मी आधीच समजावून सांगितलं होतं की मी तुझ्या मागच्या दिवसात असेन. तिला ते अजिबात आवडलं नव्हतं. धाकटी ती धाकटीच, असं ती म्हणाली होती.

जावयाला मात्र त्या रिंगेचं कोडं सुटेना. तो मला फुकट बोलायचे मार्ग दाखवायचा. आक्काला नवा फोन घेऊन देऊ, इंटरनेट देऊ, म्हणजे तुम्ही एकमेकींना बघू शकाल. मी म्हटलं, माझं तोंड तिने माझ्या जन्मापासून बघितलंय, ते आता आणखी कशाला. तो म्हणाला, “पण आई, एका रिंगेतून माहिती काय मिळते?” मी म्हटलं, “ती उठली.” तेव्हा तो म्हणाला की त्यांच्या कचेरीतही मोठमोठे संगणक एकमेकांना हेच विचारत असतात, आहेस का, आहेस का, आणि ते बघत बसायचाच त्याला पगार मिळतो. मग मला का मिळत नाही, असं मी विचारलं नाही. जावई आहे.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एका संध्याकाळी फोन वाजला नाही.

मी थोडा वेळ थांबले. आधण उशिरा ठेवलं असेल. मग मी एक रिंग दिली. काही नाही. दोन दिल्या. मग न कापता वाजत ठेवला. वाजून वाजून तो आपोआप बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. लेकीने तिच्या फोनवरून लावला, पण तो आक्का उचलणार नाही हे आम्हा दोघींना माहीत होतं. ती लावत राहिली एवढंच. जावयाने सेक्रेटरींना पाठवायचं सुचवलं. सेक्रेटरी गावाच्या त्या टोकाला जाणार, दार ठोठावणार, आणि मग काय असेल ते मला आवाज बदलून सांगणार. मी नको म्हटलं.

ओट्याला धरून उभी होते. डोक्यात वाईट ते सगळं येऊन गेलं. न्हाणीघर येऊन गेलं, गॅस येऊन गेला. विमान किती वाजता मिळेल ते येऊन गेलं. लेक माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि तो हात मला जड होत होता. मी पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. आणि मग एकदम उचलला गेला.

“ठेव आधी,” आक्काचा आवाज आला. “पैसे जातायत.”

आणि तिने ठेवला.

मी फोनकडे बघत राहिले. संताप हा शब्द मी आतापर्यंत या लेखात उगाच वापरला. तो मला खरा आला तो तेव्हा. मी पुन्हा लावला. तिने पुन्हा उशिराच उचलला.

“काय गं आहे हे?” मी म्हटलं. “सकाळची रिंग का नाही दिलीस?”

तेव्हा सगळं बाहेर आलं. आक्काच्या घराखाली वाण्याचं दुकान आहे. त्या वाण्याने तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं की परदेशात नुसता फोन वाजला तरी वाजलेल्याचे पैसे पडतात. झालं. आक्काने ठरवलं की धाकटीचं दिवाळं काढायचं नाही. म्हणून तिने रिंग देणं बंद केलं. आणि मी फोन वाजवायला लागले तेव्हा ती फोनसमोर पाटावर बसून होती. आमची धून वाजत होती आणि आक्का ती ऐकत माझे पैसे वाचवत होती.

“मग निदान कळवायचंस,” मी ओरडले.

“कशी कळवणार? फोन करावा लागला असता,” आक्का म्हणाली.

मग मी भांडले. मी म्हटलं, वाण्याला काय कळतं. ती म्हणाली, तुला तरी काय कळतं, तुझ्या फोनवर क्रिकेट येतं असं ऐकलं. म्हणजे सेक्रेटरींनी तेही गावभर केलं होतं. मी म्हटलं, एवढं वाजत असताना तुझा हात शिवशिवला कसा नाही. ती म्हणाली, शिवशिवला, म्हणून तर मांडीखाली घातला. समुद्रावरून, साध्या दराने, आम्ही दोघी अशा भांडत होतो. जावई लांबून मला मनगटावरचं घड्याळ दाखवत होता आणि लेकीने त्याला हाताला धरून स्वयंपाकघरातून बाहेर नेलं.

मग आक्का थांबली. वेगळ्याच आवाजात तिने विचारलं, “म्हणजे तुला वाटलं, मी गेले?”

“हो,” मी म्हटलं. “वाटलं.”

“मग रडलीस का?”

आणि शिल्लक संपली. आवाज नाही, खरखर नाही. फोन नुसता शांत. कंपनीचा निरोप आला की आपलं खातं रिकामं झालं आहे, आणि खाली यांचं नाव घालून ‘प्रिय ग्राहक’ असं लिहिलं होतं.

आता आमच्या रिंगाही बंद. रिकाम्या खात्यावर परदेशात रिंगसुद्धा येत नाही, हे मला जावयाने फार हळू आवाजात सांगितलं. मी खुर्चीत बसले.

थोड्या वेळाने लेकीचा फोन वाजला. आपल्याकडचा, पण ओळखीचा नसलेला नंबर. लेकीने घाबरत उचलला, ऐकलं, आणि फोन माझ्याकडे धरला.

“मग?” आक्का म्हणाली. “रडलीस की नाही?”

मी विचारलं, हा कुणाचा फोन. वाण्याचा होता. त्याने खोटी माहिती दिली म्हणून आक्काने त्याच्या गल्ल्यावरचा फोन उचलला होता आणि मघाशी तिच्या फोनवर वाजलेला लेकीचा नंबर त्याच्याकडूनच लावून घेतला होता. मागे वाण्याचा आवाज येत होता. तो आक्काला सांगत होता की काकू, परदेशचा फोन आहे, जरा आवरतं घ्या. दुकानात गिऱ्हाईकं खोळंबली होती, तीही बोलत होती. एकाला साबण हवा होता.

“नाही रडले,” मी म्हटलं. “फोन लावण्यातच सगळा वेळ गेला.”

आक्काने वाण्याला साबण द्यायला सांगितलं.

“मग आता रड,” ती म्हणाली. “सावकाश. मी थांबते. वाण्याचा फोन आहे.”